मले वावर नाई

आमच्या वऱ्हाडात शेताला शेत म्हणतो तो फक्त सातबारा. बाकी सगळे वावर म्हणतात. "भाऊ कुठी गेला वं?" "वावरात." "बकऱ्या कुठी हायेत?" "वावरात." सकाळी टमरेल घेऊन निघालेला माणूसही वावरातच जातो, आणि सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतात, "पोराले वावर किती?" वावरात जे काही उभं असतं त्याला म्हणायचं कोठा. वर टिनाचे पत्रे, आत एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला कुटार म्हणजे भुसा, पऱ्हाट्यांचा म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा ढीग, फवारणीचा पंप, आणि ज्याला दुसरीकडे घर नाही असा माणूस.

असा माणूस म्हणजे आमचे मोठेबाबा. देवमन तायडे, माझ्या बाबांचे थोरले भाऊ. अमरावतीहून तिवस्याकडे जाताना एक फाटा लागतो, तिथून आत नाल्यापलीकडे खुशालरावांचं अकरा एकर वावर होतं. त्या वावरात मोठेबाबा एकोणतीस वर्षं सालदार होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. दर पाडव्याला खुशालराव खाकरून विचारायचे, "मंग देवमन, यंदा कसं करतं?" आणि दर पाडव्याला मोठेबाबा म्हणायचे, "हाव." पुढचं साल सुरू. एकोणतीस वेळा हाव.

कोठ्याच्या अर्ध्या भागात ते आणि मोठी आई राहायचे. मधे कुडाची भिंत. भिंतीच्या पलीकडून बैलांचा श्वास ऐकू यायचा. मी लहानपणी उन्हाळ्यात तिथे राहायला गेले की मला वाटायचं, भिंतच घोरते.

घरातलं बोलणं सगळं मोठी आई करायची. मैना तिचं नाव. चुलीपुढे बसून ती बाहेर बाजेवर बसलेल्या मोठेबाबांशी बोलायची, भिंतीला, बैलांना, कोंबडीला धरून बोलायची. "आवो, आयकून राहिले ना? त्या काळ्याच्या खुराले काय झालं पाहून घ्या. मंग उद्या मले म्हनसान, मैने, तुनं सांगतलंच नाई. आन माचीस आना. आन त्या पोरीले इहिरीकडं जाऊ देऊ नका, लय उंडारते ते." मोठेबाबा म्हणायचे, "हाव." बैलाचा खूर पाहिला जायचा, माचीस यायची, मी विहिरीपासून उचलली जायचे.

माझा कान जरा चोर आहे. ज्याचं ऐकलं त्याचं उचलून आणतो. मला सगळ्यांची नक्कल येते. काळीपिवळीवाल्याचं "तिवसा तिवसा तिवसा, एकच सीट हाय ताई, सरकून घ्या, आपलेच लोक हायेत." खुशालरावांचं खाकरणं. राजापेठेत आमच्या खोलीखाली बाबांचं टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकांचं "मिस्त्री, आवाज येऊन राहिला ना" आणि त्यांच्या गाडीचा तो आवाजसुद्धा. मोठ्या आईची नक्कल मी तिच्यासमोर करायचे, आणि ती मला लाकूड फेकून मारायची नि हसायची. एक मोठेबाबांचीच जमत नव्हती. धरायला काही नव्हतंच. हाव, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मोठी आई तापाने तीन दिवसांत गेली. अमरावतीच्या दवाखान्यातून मोठेबाबा परत कोठ्यावर आले आणि बाजेवर बसले. रडले नाहीत. त्यांच्या पायावर मुंगळे चढत होते आणि ते पाय हलवत नव्हते, हे मी पाहिलंय. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विसरायचे. त्याच हिवाळ्यात खुशालरावांनी बैल विकले. मग वावर विकलं आणि ते मुलाकडे, अंकुरभाऊंकडे, अकोल्याला राहायला गेले. जाताना म्हणाले, "देवमन, मी त चाललो बावा अकोल्याले. तू पाय तुह्यं." मोठेबाबा म्हणाले, "हाव." एकोणतीस वर्षांचा निरोप तेवढ्यात झाला.

नव्या मालकाने मोजणी आणली तेव्हा एक गंमत निघाली. कोठा वावरात नव्हताच. तो धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बाहेर, नाल्याकाठच्या ई-क्लास जमिनीवर होता. ई-क्लास म्हणजे सरकारी, गुरं चारायची. खुशालरावांच्या वडिलांनी कधीतरी अंदाजाने चार खांब ठोकले, आणि तेव्हापासून सगळे त्याला वावरातला कोठा म्हणत आले.

ही बातमी आणली गोपाल कोतवालाने. गावातली सरकारी कामं त्याच्या मोटरसायकलवरून फिरतात.

"मोठेबाबा, तुमचं त जमलं!" तो गाडीवरूनच ओरडला. "ई-क्लासवर जे लोक घर करून रायतात, त्यायच्या नावानं जागा होऊन राहिली. रविवारी साहेब पाहाले येते. ज्याच्यात कोनी रायत नाई, ते पाडून टाकनार. ज्याच्यात रायतात ते ठेवनार. तुमी फक्त घरी राहजा. आन साहेब इचारन तेवढंच सांगजा. जास्त बोलू नका."

जास्त बोलू नका! मोठेबाबांना! मी इतकी हसले की मला उचकी लागली.

गोष्ट सरळ होती. कोठा राहिला तर मोठेबाबा राहणार. कोठा पडला तर त्यांना अमरावतीला आमच्याकडे यावं लागणार. आमची खोली दीड. बाबा म्हणत होते, "दादा खाली दुकानात झोपन," म्हणजे सुटे केलेले सायलेन्सर आणि ऑइलचे डबे यांच्यामधे. बाबांनी फोनवर विचारलं, "दादा, तुले काय वाटते?" पलीकडे बाज करकरली. मग मोठेबाबा म्हणाले, "अठीच बरं हाय." त्या दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून सांगितलेली ती एकच गोष्ट.

आता साधना मॅडमबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या आमच्या राजापेठेतल्या क्लासला मराठी शिकवतात. पुण्याच्या आहेत. वक्तृत्वाचा धडा शिकवताना त्या म्हणाल्या, "वक्त्याचा मंचावरचा वावर कसा सहज हवा."

मागच्या बाकावरून शिवम म्हणाला, "मॅडम, मंचावर किती एकर हाय?"

"इहीर हाय का मॅडम? का कोरडवाहू?" त्याच्या बाजूचा म्हणाला.

वर्ग आडवा झाला. मॅडमना काही कळेना. "अरे, हसताय काय? वावर म्हणजे असणं, वागणं, हिंडणं-फिरणं. एखाद्याचा घरातला वावर. काय बाई तरी ही मुलं!" तेव्हा मला कळलं की पुण्याकडे वावर 'तो' असतो, आपल्याकडे वावर 'ते' असतं. तो वावर म्हणजे माणसाचं असणं, ते वावर म्हणजे जमीन. त्या दिवसापासून महिनाभर आम्ही एकमेकांना विचारत होतो, "काय गा, तुझा वावर कुठे असतो?" "नाल्याकडं, तीन एकर."

रविवारी मी डबा घेऊन कोठ्यावर गेले होते. साडेदहाला साहेब आले. बदलून नुकतेच आले होते, पुण्याच्या बाजूचे, शर्ट पँटीत खोचलेला, हातात फळी आणि तिला लावलेले कागद. माणूस वाईट नव्हता. दाराशी चपलाही काढायला निघाला होता, पण समोर गव्हाण आणि पऱ्हाट्या पाहून थांबला. गोपाल टेपचं दुसरं टोक धरून कोठ्याच्या मागे गेला आणि तिथेच त्याला फोन आला. "हाव ना बे, आलोच ना बे," असं मागून ऐकू येत होतं.

साहेबांनी फळीवर कागद सरळ केला आणि मोठेबाबांना विचारलं, "बाबा, इथे तुमचा वावर असतो का?"

मोठेबाबा बाजेवरून उठून उभे राहिले होते. म्हणाले, "नाई साहेब. मले वावर नाई."

मी तोंडावर ओढणी धरली.

"नाही? बरं. पूर्वी होता का?"

"कधीच नव्हतं. बापालेही नव्हतं."

"वडिलांचाही नव्हता," साहेब लिहीत म्हणाले. "आणि तुमच्या पत्नीचा?"

"तिच्या माहेरी होतं थोडसं."

"म्हणजे माहेरी. इथे नाही."

"अठी नाई."

साहेबांनी मान हलवली, लिहिलं, मोठेबाबांना पेन दिलं. मोठेबाबा रात्रशाळेत सही शिकलेले. त्यांनी दे, व, म, न अशी एकेक अक्षरं वावरात सरकी टोबावी तशी सावकाश मांडली. साहेब म्हणाले, "ठीक आहे," आणि पुढच्या जागेकडे निघाले. त्यांना दुपारपर्यंत अकरा जागा पाहायच्या होत्या.

मला सगळं कळलं होतं. तिथल्या तिथे, पहिल्याच वाक्याला. दोन्ही वावर मला ऐकू आले होते, तो आणि ते. मी एक शब्द बोलले असते तर साहेबांनी कागद फिरवून दुरुस्त केला असता. पण ते इतकं जमून आलेलं होतं की मला ते मोडावंसं वाटलं नाही. मी ते तसंच्या तसं डोक्यात घेऊन पाच वाजताच्या काळीपिवळीत बसले आणि सोमवारी क्लासमध्ये करून दाखवलं. साहेबांचं पातळ, नीटनेटकं "असतो का?" आणि मोठेबाबांचं जाडं "नाई साहेब." पहिल्यांदाच मला त्यांची नक्कल जमली. शिवम बाकाखाली गेला. साधना मॅडमसुद्धा हसल्या. मला तीनदा करायला लावलं.

त्या कागदावरून कोठा पडू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला ती नक्कल वाटत होती.

अठरा दिवसांनी गोपाल नोटीस घेऊन आला. बाबांनी दुकानात, हात पुसून, मोठ्याने वाचली. सदर बांधकाम हे गुरांचा कोठा असून वापरात नाही. सदर ठिकाणी कोणाचाही वावर नाही, पूर्वीही नव्हता, असे देवमन तायडे यांनी समक्ष सांगितले. पत्नी माहेरी असते. हरकत असल्यास पंधरा दिवसांत हजर राहावे, अन्यथा बांधकाम काढून टाकण्यात येईल.

"पत्नी माहेरी?" बाबा म्हणाले. "हे कोनं सांगतलं? वहिनी माहेरी हाय म्हनून कोनं सांगतलं बे?"

गोपाल म्हणाला, "मी त टेप धरून होतो, भाऊ. मले काय माईत."

मी जिन्यावर बसले होते. पायरीची एक फरशी फुटलेली आहे, तिच्यावर मी नख घासत राहिले. मला वाटलं होतं की रडू येईल, पण काहीच आलं नाही. मुंगळे चढले तरी पाय न हलणं कसं असतं, ते मला तेव्हा थोडं कळलं. मग मी बाबांना सांगितलं. दोन्ही आवाजांत नाही, माझ्या आवाजात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मारलं नाही. एवढंच म्हणाले, "तुले तवाच समजलं होतं, रश्मे?"

"हाव."

मोठेबाबांना सांगायला मीच गेले. ते बाजेवर होते. मी नोटीस वाचली, काय झालं ते सांगितलं, मी गप्प कशी राहिले तेही सांगितलं. ते नाल्याकडे पाहत होते. नव्या मालकाच्या ट्रॅक्टरने वावर नांगरून ठेवलेलं होतं, ढेकळं वाळून पांढुरकी पडली होती.

"पाडू दे," ते म्हणाले.

"मोठेबाबा, हरकत घेता येते."

"पाडू दे ना, माय." रागाने नाही. कोणी पाणी विचारावं आणि नको म्हणावं, तसं.

तरी बाबांनी त्यांना चौदाव्या दिवशी तिवस्याच्या कचेरीत आणलं. मोठेबाबा आले, कारण बाबा चाल म्हणाले. पांढरा शर्ट घातला होता, इस्त्री नव्हती. गोपालही होता. साहेबांच्या टेबलावर आमचा कागद वरच होता.

"हे पहा," साहेब म्हणाले, "यांनी स्वतः सांगितलंय. वावर नाही. कधीच नव्हता. सही आहे. आता मी काय करू?"

मी म्हणाले, "साहेब, तुम्ही तो वावर विचारलात. त्यांनी ते वावर सांगितलं."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांना कळेना. गोपाललाही कळेना. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही आणि मी ते करून दाखवलं. पहिल्यापासून. "बाबा, इथे तुमचा वावर असतो का?" "नाई साहेब, मले वावर नाई." "पूर्वी होता का?" "कधीच नव्हतं. बापालेही नव्हतं." शेजारच्या टेबलावरचा कारकून मान वर करून ऐकत होता. तो खो-खो हसायला लागला. गोपालने कपाळावर हात मारला, "अरे बापा! साहेब, आमच्याकडं वावर म्हनजे शेत! मोठेबाबाले वाटलं तुमी शेतीबाडी इचारून राहिले!"

मी थांबले नव्हते. "आणि तुमच्या पत्नीचा?" "तिच्या माहेरी होतं थोडसं." कारकून तिथेही हसला. मोठेबाबा माझ्या बाजूलाच उभे होते. मी शेवटचं "अठी नाई" म्हणाले तेव्हा माझा आवाज त्यांच्या आवाजासारखा झाला नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे पत्नी माहेरी नाहीत?"

"वारली ते," बाबा म्हणाले. "दोन वर्सं झाले. त्या कोठ्यातूनच दवाखान्यात नेली."

कारकुनाने मान खाली घातली. साहेबांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "मी पुन्हा लिहितो. पण सांगायला यांनीच पाहिजे. मुलीने नाही, भावाने नाही." ते मोठेबाबांकडे वळले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तुम्ही. त्या जागेत. राहता का?"

पंखा फिरत होता. बाबांनी तोंड उघडलं, साहेबांनी हाताने थांबवलं. मला 'पाडू दे' आठवत होतं. तेच येईल असं वाटलं. ते म्हणाले तर कोणाला काही करता येणार नव्हतं.

"रायून राहिलो," मोठेबाबा म्हणाले.

"दोनदा का म्हणतात?"

"दोनदा नाई साहेब," गोपाल म्हणाला. "आमचं तसंच असते. राहत आहेत, असं म्हनून राहिले."

साहेबांनी कोरा कागद घेतला. लिहून झाल्यावर वाचून दाखवला. "देवमन तायडे यांचा सदर ठिकाणी गेल्या एकतीस वर्षांपासून अखंड वावर आहे."

"खोडा साहेब," मोठेबाबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले.

"वावर नाई माह्यं. खुशालरावचं होतं ते. आता दुसऱ्याचं हाय. मी नाई म्हनलं नाई का तुमाले? चुकीचं नका लिवू."

"अहो बाबा," साहेब म्हणाले, आणि मग थांबले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "शेत नाही म्हणत मी. वावर म्हणजे तुमचं तिथे असणं. उठणं, बसणं, चूल पेटवणं, जाणं-येणं. याला आमच्याकडे वावर म्हणतात. जमीन नसली तरी असतो."

"जमीन नसली तरी?"

"हो."

"निसतं असनं?"

"नुसतं असणं."

मोठेबाबा विचार करत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, कधीच कळत नाही. मग ते टेबलाजवळ एक पाऊल पुढे झाले आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"मंग मैनाचं बी लिवा."

"त्या आता..."

"होतं, असं लिवा."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं, मग लिहायला लागले. "तसेच त्यांच्या पत्नी कै. मैनाबाई..."

"कै. नाही साहेब," मी म्हणाले. "आम्हा बौद्धांत कालकथित लिहितात."

त्यांनी कै. खोडून कालकथित लिहिलं आणि खोडलेल्या जागी छोटी सही केली. वाचलं, "तसेच त्यांच्या पत्नी कालकथित मैनाबाई यांचाही सदर ठिकाणी सत्तावीस वर्षे वावर होता." हिशेबाने ते एकोणतीस वर्षं व्हायला पाहिजे होतं, पण मोठेबाबांनी सत्तावीसच सांगितलं होतं, कारण पहिली दोन वर्षं ती माहेरीच होती. ते त्यांना बरोबर आठवत होतं.

त्यांनी सही केली. दे, व, म, न.

परत जाताना मी त्यांच्याबरोबर काळीपिवळीत बसले. बाबा अमरावतीला गेले, दुकान उघडायचं होतं. गाडीत एक बाई कोंबडी घेऊन होती, ड्रायव्हर "सरकून घ्या, आपलेच लोक हायेत" म्हणत होता. फाट्याच्या जवळ आल्यावर मोठेबाबा म्हणाले, "रश्मे."

"हाव, मोठेबाबा."

"तो साहेब कसा म्हने? शेवटचं?"

मला कळलं नाही, मग कळलं. मी साहेबांच्या आवाजात म्हणाले, "कालकथित मैनाबाई यांचाही सदर ठिकाणी वावर होता." कोंबडीवाली बाई माझ्याकडे पाहायला लागली.

"आखीन एकडाव."

मी पुन्हा म्हणाले. ते हसले नाहीत. खिडकीबाहेर लोकांची वावरं मागे चालली होती.

"आखीन," ते म्हणाले.